आजोबांची ट्रंक आणि प्रत्येक पुस्तकात एक मत : बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या नोंदी

दहावीची परीक्षा संपली आणि हातात मोकळे दिवस आले. काम असं ठरवलं : माळ्यावरची आजोबांची पुस्तकांची ट्रंक खाली काढायची, पुस्तकं दुरुस्त करायची, वाड्यातल्या आणि आजूबाजूच्या मुलांना वाचायला द्यायची, आणि प्रत्येक पुस्तकात ते खरोखर वाचलेल्या मुलाचं किंवा मुलीचं मत लिहून ठेवायचं. मोठ्यांनी केलेल्या 'मुलांनी वाचायलाच हवीत' अशा याद्या मला लहानपणापासून मिळत आल्या. यादीत आहे म्हणून मी एकही पुस्तक उचललं नाही. जी वाचली, ती माझ्या वयाच्या कुणीतरी हातात दिली म्हणून वाचली. त्या हाताच्या जागी कार्ड ठेवता येईल का, हे मला बघायचं होतं. दुसऱ्या कुणाला असं करायचं असेल तर माझे वाया गेलेले दिवस त्याच्या कामी यावेत म्हणून या नोंदी.

6 एप्रिल, रविवार

बाबांनी आणि मी ट्रंक खाली काढली. मोजली तेव्हा 58 पुस्तकं निघाली. नऊ वाळवीने संपवलेली. वरून पुठ्ठा अगदी शाबूत, उघडलं की आत माती. ही नऊ बाकीच्यांपासून लगेच लांब न्यायला हवी होती. मी मात्र ती 'बघू काही वाचतंय का' म्हणून दिवसभर शेजारी ठेवली आणि संध्याकाळी चांगल्या ढिगातल्या एका पुस्तकावर वाळवी चालताना दिसली. मग सगळी पुस्तकं एकेक करून अंगणात झटकावी लागली. कसरही होती, पण ती कडा कुरतडते, अक्षरं सहसा वाचतात.

उरली 49. त्यातली सतरा मुलांची नाहीत : जुनी पंचांगं, कायद्याची पुस्तकं, ज्ञानेश्वरीवरच्या टीका. ती आजीने आपल्या कपाटात घेतली. हाताशी 32.

8 एप्रिल

32 पैकी 19 दुरुस्तीला आलेली. रावपुऱ्यातून चिकटपट्टीची दोन रिळं आणली (80 रुपये) आणि एका दुपारी अकरा पुस्तकं 'दुरुस्त' करून टाकली. कणा सुटला असेल तिथे उभी पट्टी, पान फाटलं असेल तिथे आडवी. काम भराभर झालं म्हणून फार बरं वाटलं.

9 एप्रिल

पूर्ण मोडलेली दोन पुस्तकं घेऊन बाइंडिंगवाल्या काकांकडे गेले. माझी अकरा पुस्तकंही दाखवायला नेली होती. त्यांनी एक उचललं, पट्टीवर नख फिरवलं आणि म्हणाले, 'सेलोटेप तो चोपडीनो दुश्मन छे.' (चोपडी म्हणजे पुस्तक.) मग त्यांनी मीच नेलेल्या एका पुस्तकातलं आजोबांच्या काळातलं पान उघडून दाखवलं. आजोबांनी कधीतरी लावलेली पट्टी वाळून सुटून गेली होती, पण तिचा डिंक कागदात मुरून तपकिरी डाग पडला होता आणि समोरच्या पानाची अक्षरं उपटून आली होती. त्या डागाखालचं वाक्य आता कुणालाच वाचता येणार नाही.

त्यांचा दर पुस्तकाला 80 रुपये. एकोणीस पुस्तकांचे 1,520 झाले असते. दोनच दिली (160 रुपये) आणि बाकीची कशी करायची ते तिथे दोन तास बसून बघितलं. जुज म्हणजे घडी घातलेल्या पानांचा गठ्ठा. जुजं एकमेकांना दोऱ्याने शिवायची, मग कण्याला खळ लावून कापडाची पट्टी, मग पुठ्ठा, शेवटी अस्तराचा कागद. फाटलेल्या पानाला पातळ कागदाची पट्टी आणि खळ, चिकटपट्टी कधीच नाही.

पुढचे दोन दिवस अकरा पुस्तकांवरच्या पट्ट्या काढण्यात गेले. केस वाळवायच्या यंत्राची कोमट हवा द्यायची आणि हळूहळू सोलायचं. चार पानांची अक्षरं तरीही गेली.

12 एप्रिल

खळ. एक वाटी मैदा, पाच वाट्या पाणी, मंद आचेवर ढवळत राहायचं, पारदर्शक दिसायला लागली की उतरवायची. गुठळ्या झाल्या तर ओढणीतून गाळून घ्यायची. काका त्यात चिमूटभर मोरचूद घालतात, म्हणजे कीड लागत नाही. आजीने साफ नाही म्हटलं. पान उलटताना बोटाला थुंकी लावणारी मुलं ही पुस्तकं हाताळणार आणि मोरचूद विष आहे. आजीचं बरोबर होतं.

पण मोरचुदाशिवाय खळ टिकत नाही हे मी विचारात घेतलं नाही. मोठं पातेलंभर करून ठेवली. बडोद्याचा एप्रिल. तिसऱ्या दिवशी वास सुटला, वर बुरशी आली. तरी वरचा थर काढून तीच वापरली. त्या रात्री झुरळांनी दोन पुस्तकांच्या कण्यांवरचं कापड खाऊन टाकलं. आता रोज एका वाटीची खळ करते, उरली तर टाकते. ट्रंकेत कडुनिंबाची वाळलेली पानं ठेवली आहेत.

16 एप्रिल

पुठ्ठे वाकले. सहा तक्ते आणले होते, 40 रुपयांना एक. कापून वर रंगीत कागद चिकटवला आणि लवकर वाळावे म्हणून गच्चीवर उन्हात ठेवले. तासाभरात सगळे पापडासारखे कुरळे. ओला कागद वाळताना आकसतो आणि पुठ्ठ्याला आपल्या बाजूला ओढतो. म्हणून आतल्या बाजूलाही कागद लावावा लागतो, म्हणजे दोन्हीकडची ओढ सारखी होते. आणि वाळवायचे ते सावलीत, वजनाखाली. आमच्याकडे पाटा आहे, तोच ठेवते. दोन तक्ते पूर्ण वाया, 80 रुपये.

20 एप्रिल, रविवार

एका पुस्तकाला सुमारे तीन तास लागतात. सुईने भोकं पाडत बसले तर चार. दाभणाने आधी भोकं पाडून घेतली की काम सरळ होतं. दोन पुस्तकांचा कागद इतका ठिसूळ आहे की दोरा ओढला की घडीवरच पान तुटतं. ती शिवायचा हट्ट सोडला. साध्या पुठ्ठ्याच्या घडीत ठेवून वर दोरी बांधली.

पस्तीवाल्याकडून (आम्ही बडोदेकर रद्दीला पस्तीच म्हणतो) सहा मराठी पुस्तकं मिळाली, 90 रुपयांना. त्यात एक 'तोत्तोचान' होतं, जवळजवळ नवं. एकूण 38 झाली.

24 एप्रिल

मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत जाऊन आले. लहानपणी जात होते ते काचेची जमीन बघायला. तिथली पुस्तकांची लोखंडी मांडणी मजल्यावर मजला अशी आहे आणि मधली जमीन जाड काचेची, म्हणजे उजेड खालपर्यंत झिरपतो. सयाजीराव महाराजांनी 1910 मध्ये विल्यम बोर्डन या ग्रंथपालांना अमेरिकेहून बोलावलं आणि बडोदा संस्थानात ग्रंथालयांची घडी बसवली, हे इथल्या प्रत्येक शाळेत सांगतात. माझ्या कामाची गोष्ट दुसरीच होती. त्या काळात लाकडी पेट्यांत पुस्तकं भरून संस्थानातल्या गावोगावी पाठवत. पुस्तकं वाचकाकडे जात, वाचकाला शहरात यावं लागत नसे.

तोवर मी ट्रंक आमच्या जिन्याखाली कायमची ठेवायची म्हणत होते. आता ठरवलं की दोन महिन्यांनी ती पुढच्या घरी जाईल. म्हणून झाकणाच्या आतल्या बाजूला पुस्तकांची यादी रंगवून घेतली. रंगाचे 190 रुपये.

27 एप्रिल, रविवार

मतं लिहायला बसले. या कामाचा हाच भाग मला सगळ्यात सोपा वाटला होता.

38 पैकी चौदा मी आधीच वाचलेली. चौदा कार्डं एका दिवसात लिहून झाली. नंतर सगळी एका ओळीने वाचली. 'लेखकाने ओघवत्या भाषेत', 'मन हेलावून टाकणारे', 'प्रत्येकाने जरूर वाचावे.' चौदा पुस्तकांची चौदा कार्डं, पण कुठलं कार्ड कुठल्या पुस्तकाचं हे नाव झाकलं तर मलाच सांगता येईना. शाळेत पुस्तक परीक्षण लिहून लिहून हात तसाच वळला होता. दिवस संपला म्हणून तशीच पुस्तकांत ठेवली.

4 मे, रविवार

शाळांना सुट्टी लागली, ट्रंक जिन्याखाली उघडली. दुरुस्ती पूर्ण झालेली 23 पुस्तकं ठेवली. अकरा मुलं आली, तीन पुस्तकं गेली. कार्ड एकानेही वाचलं नाही. माझ्या धाकट्या भावाने (पाचवीत) एक कार्ड बाहेर काढून पुस्तक उघडलं आणि कार्ड जमिनीवरच टाकलं. मी रागावले. तो म्हणाला, 'ताई, त्यात काहीच नाही.' कार्ड उचलून पुन्हा वाचलं. खरंच काही नव्हतं.

7 मे

कार्डं काढून टाकली. त्याजागी पाच चांदण्या छापलेली कार्डं ठेवली, वाचणाऱ्याने रंगवायच्या. 150 रुपयांचा कागद यात गेला. चार दिवसांत परत आलेल्या सात पुस्तकांपैकी सहांना चार चांदण्या, एकाला पाच. मुलं घाबरत होती. कमी रंगवल्या तर मला वाईट वाटेल, पुस्तक माझ्या आजोबांचं आहे. एका मुलीने तोंडाने सांगितलं की ती अर्ध्यावरच थांबली होती. तिच्याही कार्डावर चार.

11 मे, रविवार

चांदण्या बंद. आता कार्डावर तीनच ओळी :

कुठे धरलं?
कुठे सोडावंसं वाटलं?
कोणी घेऊ नये?

तिसरी ओळ भावाची. तो म्हणाला, कोणाला द्यावं हे सगळेच सांगतात, कोणाला देऊ नये हे कुणी सांगत नाही. आणि वर मी स्वतः लिहिलेली अट : अर्धवट सोडलं असेल तरी मत चालेल, पान लिहा.

त्या एका आठवड्यात आलेली काही कार्डं इथे उतरवून ठेवते, कारण प्रश्न बदलल्याने काय फरक पडला ते त्यावरूनच कळेल.

'फास्टर फेणे'च्या एका पुस्तकावर भावाने लिहिलं : 'पहिल्याच पानाला. पुण्याचे रस्ते येतात ते मला माहीत नाहीत, मी ती नावं सोडून वाचलं, काही बिघडलं नाही. रात्री वाचणाऱ्याने घेऊ नये, झोप येत नाही.' हे कार्ड वाचून तीन जणांनी पुस्तक मागितलं, आणि फास्टर फेणेचं गाव फुरसुंगी नक्की कुठे आहे हे नकाशात शोधायला माझ्याकडे आले.

'तोत्तोचान'वर वरच्या मजल्यावरच्या सहावीतल्या मुलीने : 'शाळा रेल्वेच्या डब्यात आहे, तिथे धरलं. नवे सर तिचं बोलणं चार तास ऐकतात, तिथे मी थांबून आईला वाचून दाखवलं. शाळा सुरू होण्याच्या आदल्या दिवशी घेऊ नये, आपल्या शाळेत जावंसं वाटत नाही.'

'चौघीजणी'वर समोरच्या वाड्यातल्या जुळ्या बहिणींची दोन कार्डं, एकाच पुस्तकात. एकीला ज्योने धरलं. दुसरी म्हणते, 'बेथ इतकी चांगली आहे की अशी मुलगी मी पाहिलेली नाही. ती आली की मी पान उलटते.' दोघींचं यावरून भांडण झालं आणि दोघींनी पुस्तक दुसऱ्यांदा वाचलं.

'एक होता कार्व्हर'चं कार्ड मी लिहिलं : 'कार्व्हर लहान असताना, शिकायला कोण घेईल याच्या शोधात हिंडतो तो भाग मी एका रात्रीत वाचला. पुढे तो मोठा संशोधक होतो आणि शेंगदाण्याचं काम सुरू होतं तिथे मी दोन दिवस पुस्तक बाजूला ठेवलं.' बाबांनी ते वाचून सांगितलं की त्यांना नेमका शेंगदाण्याचाच भाग आवडला होता, त्यासाठी त्यांनी ते आठ-दहा जणांना दिलं. मी त्यांना कार्ड दिलं, त्यांनी लिहिलं नाही. मोठ्यांकडून मतं गोळा करणं फार कठीण आहे.

'बनगरवाडी' मी पूर्वी दोनदा सोडलं होतं. एक तरुण मास्तर धनगरांच्या वाडीतल्या शाळेवर जातो, आणि मला वाटायचं की काहीच घडत नाही. या महिन्यात तिसऱ्यांदा घेतलं. दुपारी, पंख्याखाली, बाहेर 42 अंश. त्या उन्हात माणदेशातलं ऊन अंगाला लागलं. कार्डावर एवढंच लिहिता आलं : 'थंडीत घेऊ नये.' हे मत म्हणून पुरेसं आहे का, हे माझं मला ठरवता आलेलं नाही, म्हणून कार्ड अजून माझ्या वहीत आहे.

15 मे

मोठी चूक. 'पाडस'च्या कार्डावर 'कुठे धरलं' या ओळीत मी शेवट लिहून ठेवला होता. मी ते पुस्तक बारा वर्षांची असताना वाचलं होतं आणि शेवटाच्या पानांवर रडले होते. मला धरलं ते तिथेच, म्हणून प्रामाणिकपणे तेच लिहिलं. सातवीतल्या एका मुलाने पुस्तक नेलं, चाळीसेक पानं वाचून कार्ड बघितलं आणि दुसऱ्या दिवशी पुस्तक आणून दिलं. 'आता मला ते हरीण आवडायला नको,' असं म्हणाला. मी खूप समजावलं. त्याने नेलं नाही.

दुसऱ्याचं पहिल्यांदा वाचणं मी घेऊन टाकलं आणि ते परत देता येत नाही. नवा नियम कार्डाच्या पाठीवर लिहिला : पुस्तकाच्या अर्ध्याच्या पुढचं काहीही लिहायचं नाही. जुनी सगळी कार्डं या नियमाने तपासली, आणखी तीन बदलावी लागली. एक संध्याकाळ गेली.

18 मे, रविवार

'श्यामची आई'. आजोबांची प्रत, आजीने आयुष्यभर जपलेली. साने गुरुजींनी हे पुस्तक 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, आणि त्यात प्रकरणांऐवजी रात्री आहेत, हे मला आजीनेच सांगितलेलं.

पाचवीतल्या मुलीचं कार्ड : 'श्याम खूप रडतो. पोहायला जात नाही म्हणून आई मारते तिथे मी पुस्तक बंद केलं. मला पण पाण्याची भीती वाटते. ज्याला पाण्याची भीती वाटते त्याने घेऊ नये.'

आजीच्या वाचनात ते आलं. ती काही बोलली नाही, पण पुस्तक ट्रंकेतून काढून देवघरात नेऊन ठेवलं. मी दोन दिवस गप्प राहिले आणि मग सांगितलं की कार्ड काढणार नाही. मुलीने खरं लिहिलं आहे, तिने पान सांगितलं आहे, कारणही सांगितलं आहे. चौदा 'मन हेलावून टाकणारी' कार्डं मी फेकली, कारण त्यांत एकही खरा माणूस नव्हता. या कार्डात आहे. आजी म्हणाली, 'अगं, पण ती आई नंतर काय करते ते तिनं वाचलंच नाही.' मी म्हटलं, 'मग ते तू लिही.'

तिला तीन दिवस लागले. त्याच कार्डाच्या खाली, तिच्या बारीक अक्षरात : 'मी नववीत असताना वाचले. अळणी भाजीच्या रात्री धरले. भाजीत मीठ घालायचे राहिले तरी घरात कोणी बोलत नाही. मी सासरी बडोद्याला आले तेव्हा पहिल्या महिन्यात माझ्याकडून आमटीत मीठ राहिले, आणि ह्यांनी न बोलता जेवण केले. ज्याला लगेच उत्तर हवे त्याने घेऊ नये.'

पुस्तक देवघरातून परत आलं. पाचवीतल्या मुलीने आजीचं मत वाचलं. पुस्तक मात्र अजून घेतलेलं नाही.

25 मे, रविवार

ही चूक सगळ्यात जास्त लागली.

मागच्या गल्लीतला एक मुलगा गुजराती माध्यमात शिकतो. घरी मराठी बोलतो, देवनागरी हिंदीच्या तासापुरती. तो पुस्तक फार हळू वाचतो. गुजरातीला शिरोरेघ नाही, आणि ज, झ, ख, इ यांची वळणं वेगळी, तेव्हा प्रत्येक ओळीत दोन-तीन ठिकाणी त्याचं बोट थांबतं. त्याने नऊ दिवसांत एक पातळ पुस्तक संपवलं आणि कार्ड लिहिलं. भाषा मराठी, लिपी गुजराती. एका ठिकाणी 'मला गमलं' असं.

मी ते कार्ड देवनागरीत पुन्हा लिहिलं आणि 'गमलं'चं 'आवडलं' केलं. सगळ्यांना वाचता यावं, एवढाच विचार होता. त्याने ते पाहिलं. पुस्तक न घेता गेला आणि पाच दिवस आला नाही.

इथली सगळीच मुलं शाळेत गुजराती शिकतात, सगळ्यांना ते कार्ड मूळ लिपीतच वाचता आलं असतं. मी सोडवली ती अडचण नव्हतीच. त्याचं मूळ कार्ड माझ्या खणात होतं म्हणून वाचलं. ते परत पुस्तकात ठेवलं, माझं फाडलं आणि त्याच्या घरी जाऊन सांगितलं. जाताना मनात एक गोष्ट होती ती त्याला सांगून टाकली : सयाजीराव महाराज 1875 मध्ये कौळाण्याहून बडोद्याला दत्तक आले तेव्हा बारा वर्षांचे होते आणि त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्याने विचारलं, मग ते आधी कुठली लिपी शिकले? मला सांगता आलं नाही. दुसऱ्या दिवशी तो आला आणि 'फास्टर फेणे' घेऊन गेला.

जो हे काम करेल त्याने एवढं करावं : आलेल्या कार्डावर पेन उचलू नये. शुद्धलेखनालाही नाही.

1 जून, रविवार

काही पुस्तकं अजून कुणीच वाचलेली नाहीत. मीही नाही. वेळेत सगळं वाचून होणार नाही हे मान्य केलं आणि अशा नऊ पुस्तकांत कार्ड ठेवलं : 'हे पुस्तक अजून कुणी वाचलेलं नाही. तुझं मत पहिलं असेल.' केवळ जागा भरायला.

आठ दिवसांत त्यातली सात गेली. इतर कुठल्याही पुस्तकांपेक्षा जास्त वेगाने. हे मला आधी सुचलं असतं तर एप्रिलचा शेवटचा आठवडा आणि चांदण्यांचे 150 रुपये वाचले असते. सात कार्डांपैकी दोनांवर 'बाराव्या पानावर सोडलं' एवढंच आलं. तेही पुस्तकात ठेवलं आहे, पुढच्या वाचकाला बारावं पान गाठायची तयारी ठेवता येईल.

8 जून, रविवार

हिशेब. 38 पुस्तकांपैकी एक कमाटी बागेत हरवलं. ते नेणारी मुलगी रडत आली, तिला रागावले नाही. एकावर फाफड्याच्या तेलाचा डाग आहे. मधे दहा रुपये अनामत ठेवून बघितली होती. तेव्हा दोन दिवस फक्त दोन मुलं आली, तिसऱ्या दिवशी बंद केली. हरवलेल्या एका पुस्तकापेक्षा न आलेली मुलं महाग पडतात.

खर्च : चिकटपट्टी 80, काकांची मजुरी 160, मैदा 30, पुठ्ठा 240, दोरा आणि सुया 60, जुनी पुस्तकं 90, रंग 190, चांदण्यांचा कागद 150, नंतरच्या कार्डांचा कागद 150, पेनं 40. एकूण 1,190 रुपये. यातले 310 सरळ माझ्या चुकांचे : चिकटपट्टी, दोन तक्ते, चांदण्या.

17 जून

पहिला मोठा पाऊस. जिन्याखाली झड येते हे घरातल्या प्रत्येकाला माहीत होतं आणि मला कुणी विचारलं नाही म्हणून कुणी सांगितलं नाही. ट्रंकेचं झाकण रात्री अर्धवट उघडं राहिलं होतं. पुस्तकांना फार लागलं नाही, सहा ओली झाली. प्रत्येक दहा पानांमागे वर्तमानपत्राचा तुकडा घालून पंख्याखाली उभी ठेवली, तुकडे दर दोन तासांनी बदलले. चार दिवसांत वाळली, एकाची पानं लहरी राहिली.

कार्डांचं मात्र नुकसान झालं. मी जेल पेनं आणली होती, मुलांना त्यांनी लिहायला आवडतं. बारा कार्डांवर निळं पाणी झालं. भावाचं फास्टर फेणेचं आणि जुळ्यांची दोन्ही त्यात गेली. आजीचं वाचलं, कारण ती बॉलपेननेच लिहिते. इथून पुढे बॉलपेन किंवा पेन्सिल. वर जी कार्डं उतरवून ठेवली आहेत ती वहीत होती म्हणून तुम्हाला वाचायला मिळाली. प्रत्येक कार्ड आलं की वहीत उतरवा.

22 जून, रविवार

भिजलेली कार्डं वहीतून जशीच्या तशी पुन्हा लिहिणार होते. मग वाटलं ज्याचं त्याला लिहू द्यावं. बारा कार्डांची मुलं शोधायला चार संध्याकाळी गेल्या, शाळा सुरू झाल्या आहेत. नऊ जणांनी लिहिली.

त्यातली पाच मतं बदलली आहेत. भावाने फास्टर फेणेवर आता लिहिलं आहे : 'आधी पहिल्या पानाला धरलं होतं. आता तो एकटा असतो तिथे धरतं.' जुळ्यांपैकी बेथ न आवडणारीने बेथचं नाव काढलंच नाही, तिने एमीबद्दल लिहिलं. तिला जुनं मत वहीतून वाचून दाखवलं तर म्हणाली, 'ते पण ठेव.' दोन्ही ठेवली, वर तारखा घातल्या. पहिल्यापासून तारखा घालायला हव्या होत्या.

पाण्याला भिणाऱ्या मुलीचं कार्ड भिजलं नव्हतं. तिला विचारलं, काही बदलायचं आहे का? तिने नाही म्हटलं आणि आजीच्या मताखाली पेन्सिलीने एक ओळ घातली : 'आजी, मीठ नंतर घालता येतं.' आजीने ते वाचलं आहे. उत्तर लिहायला तिने कार्ड आपल्याकडे मागून घेतलं आहे.

शुक्रवारी ट्रंक कारेलीबागेत आत्याकडे जाईल. त्याआधी कडुनिंबाची पानं बदलायची, बारा कोरी कार्डं आणि दोन बॉलपेन झाकणाच्या खिशात ठेवायची, 'पाडस' त्या मुलाला पुन्हा एकदा विचारायचं, आणि आजीकडून कार्ड परत घ्यायचं.